गच्चीवरची भाजी: कीड कोणती, रोग कोणता आणि नुसतीच उपासमार कोणती?

कुंडीबहाद्दर

पुणे, चौथ्या मजल्यावरची गच्ची. ऊन सकाळी ७ ते दुपारी २. १५ बाय १५ इंची ग्रो बॅगा, त्यात माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समान भाग. लागवड जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. आज ऑगस्टच्या सुरुवातीला परिस्थिती अशी:

मिरची (६ झाडं): शेंड्याची पानं आक्रसली, वाढ थांबली. नर्सरीवाला म्हणतो 'चुरडामुरडा'.
भेंडी (८): पानांच्या शिरा पिवळ्याधमक, आता भेंड्याही पिवळट आणि जून निघतायत.
वांगी (४): शेंडे माना टाकतात. पाणी घातलं तरी उठत नाहीत.
दोडका (२ वेल): बोटभर दोडके पिवळे पडून गळतात. फळमाशी असावी.
टोमॅटो (५): फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग.
शिवाय दोन बॅगांत माती उकरली की जाड अळ्या.

आतापर्यंत केलेले उपाय: नीम तेल लिटरला १० मिली, त्यात भांडी घासायचं लिक्विड, दर चार दिवसांनी सकाळी फवारणी. टोमॅटोला अंड्याची टरफलं. फरक शून्य, उलट पानांच्या कडा जळल्या. पुढे काय?

पाचट

पुढे काही नाही, आधी हातातला पंप खाली ठेवा. सहा वेगवेगळ्या दुखण्यांना एकच औषध चाललंय आणि त्यातल्या निदान तिघांशी किडीचा थेट संबंधच नाही.

आता नीमबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू झालाय. बाटलीवर 'ॲझाडिरॅक्टिन' (नीममधला किडीवर काम करणारा घटक) आणि त्याच्या प्रमाणाचा, म्हणजे पीपीएमचा, आकडा आहे का बघा. १५०० पीपीएम असेल तर लिटरला ३ ते ५ मिली, १०,००० पीपीएम असेल तर २ मिली. आकडाच नसेल तर ते साधं घाण्याचं तेल, ते ५ मिलीच्या वर नको. १० मिली तेल पानावर बसलं आणि वर ऊन पडलं की पान तळून निघतं. कडा जळण्याचं दुसरं कारण भांड्याचं लिक्विड. ते तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं आणि पानावरचा मेणाचा थरही काढतं. त्याऐवजी चार-पाच रिठे रात्री लिटरभर पाण्यात भिजवून, सकाळी कुस्करून गाळलेलं पाणी वापरा.

कृती: पेलाभर कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी, त्यात मोजून तेल, झाकण लावून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं. मग उरलेल्या पाण्यात ओतायचं. वर तेलाचे थेंब तरंगताना दिसले तर ते मिश्रण फवारू नका. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. वेळ संध्याकाळी पाचनंतरची, कारण ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होतं. सकाळी आठला मारलेलं नीम दुपारपर्यंत बरंचसं वाया गेलेलं असतं. आणि फवारा पानाच्या खालून. वरून मारणं म्हणजे छतावर धूर करून घरातले डास मारणं.

नीम किड्याला लगेच मारतही नाही. त्याची खाण्याची इच्छा जाते आणि कात टाकण्यात बिघाड होतो, म्हणून परिणाम पिल्लांवर, मोठ्या किड्यांवर फारसा नाही. दोन फवारण्यांत ७-८ दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी जिवंत मावा दिसला म्हणून डोस वाढवणं ही सर्रास होणारी चूक.

लवंगी

मिरचीपुरतं. 'चुरडामुरडा' किंवा 'बोकड्या' हे लक्षणाचं नाव आहे, रोगाचं नव्हे. पान कुठे वळलंय ते आधी बघा.

कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या वाटीसारखं झालं असेल, देठ लांबला असेल, पाठ तपकिरी आणि राठ लागत असेल तर पिवळा कोळी. पानं बारीक, गुच्छ झालेला, शिरा पिवळट आणि झाड खुजं असेल तर विषाणू. तो पांढरी माशी आणते.

खात्री करायला शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. फुलकिडे बारीक, लांबट, तुरुतुरु पळणारे दिसतात. पिवळा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहा पट मोठं दाखवणारं भिंग लागतं.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीला (पांढऱ्या माशीला पिवळे). त्यांची कोषावस्था बहुधा मातीत जाते, म्हणून बॅगेत ५० ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या इंचभर मातीत मिसळा. हवा दमट असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. ती जिवंत बुरशी आहे, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत मारली तर पैसे पाण्यात.

कोळ्याला पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण थांबा. तुम्ही तेल फवारलंय. तेल आणि गंधक यांत किमान १५ दिवसांचं अंतर हवं, नाहीतर पानं भाजतात. तोवर आक्रसलेले शेंडे दोन-तीन इंच छाटा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. गंधक पारा ३२-३३ अंशांच्या वर असताना मारायचं नाही आणि काकडी-दोडक्याच्या वेलांवर शक्यतो नकोच.

विषाणू असेल तर झाड उपटा. त्याला औषध नाही.

परभणीची माती

भेंडीचंही तेच. तो हळद्या, म्हणजे यलो व्हेन मोझॅक. विषाणू, वाहक पांढरी माशी. बरा होत नाही.

एक शंका मात्र आधी फेडून घ्या, कारण लोक यात लोह-कमतरतेशी गल्लत करतात. हळद्यात शिरा पिवळ्या आणि मधलं पान हिरवं. लोह कमी पडलं तर बरोबर उलटं: शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं, आणि सुरुवात कोवळ्या पानांपासून. तुमच्या वर्णनावरून हळद्याच. आठपैकी जितक्या झाडांवर दिसतोय तितकी आजच काढा. 'अजून चार भेंड्या येतील' म्हणून ठेवलेलं झाड उरलेल्यांना लागण देत बसतं.

बॅगेतली माती टाकू नका. हा विषाणू मातीतून पसरत नाही. पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका लावा. दोन्ही या रोगाला सहनशील म्हणून काढलेले वाण आहेत. मात्र ही ताकद आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, तेव्हा उगवणीपासून पिवळे सापळे लावा आणि पहिले महिनाभर रोपांवर बारीक जाळी ठेवा. लागण जितकी उशिरा तितकं उत्पन्न हाती.

मांजरीचं वांगं

शेंडे माना टाकणं म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. सुकलेल्या भागाच्या इंचभर खाली, निरोगी खोडात कापा. कापलेला शेंडा उभा चिरा, आत गुलाबीसर अळी सापडली पाहिजे. सापडली नाही तर आणखी खाली कापा, ती अजून खोडात आहे. शेंडा कंपोस्टमध्ये किंवा खाली बागेत फेकू नका. बंद पिशवीत घालून दोन दिवस उन्हात ठेवा, मग कचऱ्यात.

अळी एकदा आत शिरली की कोणताही फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, सगळा खेळ ती अंड्यातून बाहेर पडून आत शिरेपर्यंतच्या काही तासांचा. म्हणून चार झाडांना फवारणीपेक्षा कात्री बरी: दर तीन दिवसांनी फेरी, सुकलेला शेंडा दिसला की छाट. भोक पडलेलं वांगंही लगेच तोडायचं. ल्यूसिनोडेसचा (हे याच अळीचं शास्त्रीय नाव) कामगंध सापळा मिळतो, त्यात मादीच्या वासाचं आमिष असतं, पण फक्त नर पतंग येतात. चार झाडांच्या गच्चीवर त्याचा उपयोग अळीचा हंगाम सुरू झाला का हे कळण्यापुरता.

फक्त शेंडा नाही, अख्खं झाड एका-दोन दिवसांत हिरवंच्या हिरवं बसलं तर प्रकरण वेगळं. बुंध्याजवळ खोड कापून तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा लटकवा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर. त्या बॅगेतली माती सरळ टाकायची. त्यात वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा काही लावायचं नाही, आणि कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायची नाही.

कुंडीबहाद्दर

पाण्याची चाचणी भारी आहे. शेंडा चिरला, अळी सापडली. दोडक्याचं कोणी सांगेल का? क्यू ल्यूरचा (फळमाशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा मागवायच्या बेतात आहे.

वेलांटी

थोडं थांबा, माशीवर उगाच आळ येतोय. गळलेला दोडका उचलून बघा. साल फोडून टोचल्याची खूण, तिथे डिंकाचा थेंब, फळ त्या बाजूला वाकडं आणि चिरल्यावर आत पांढऱ्या अळ्या, तर फळमाशी. हे काहीच नसेल, दोडका नुसता टोकाकडून पिवळा होत आक्रसला असेल, तर परागीभवनच झालेलं नाही.

आणि याचं कारण दोडक्याच्या वेळापत्रकात आहे. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी. चौथ्या मजल्यावर, पावसाळी संध्याकाळी, मधमाशी येणार कुठून? सकाळी नऊला ब्रश घेऊन दोडक्याशी झटापट करणारे बरेच असतात. तोवर फूल मिटून गेलेलं असतं.

संध्याकाळी साडेपाच-सहानंतर ताजं नर फूल तोडा (मागे फळ नसलेलं, घोसात येतं), पाकळ्या काढा आणि त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच सगळीकडून फिरवा. मादी फुलामागे इवला दोडका असतोच. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. पाऊस असेल तर फुलावर रात्रभर कागदी पुडी, परागकण भिजले की फुकट. जुळलं असेल तर दोन-तीन दिवसांत दोडका गडद होऊन लांबायला लागतो.

तळेगावकर

घोसाळं मात्र सकाळी उमलतं हो. दोडका-घोसाळं एकाच घरातले पण वेळा वेगळ्या.

वेलांटी

बरोबर, ते राहिलं. धन्यवाद.

आता फळमाशीबद्दल, कारण पावसाळ्यात ती आज ना उद्या येणारच. फळ धरल्याची खात्री झाली की त्याच दिवशी पिशवी. बटर पेपर किंवा वर्तमानपत्राची पुडी, फळाच्या दीडपट मोठी, तोंडाशी सैल बांधलेली. जाळीची पिशवी फळाला चिकटून बसली तर माशी जाळीतूनच अंडी टोचते, म्हणून सैल हवी. क्यू ल्यूर नर माश्यांना ओढतं, अंडी घालते मादी. सापळ्यात पन्नास माश्या पडल्या तरी फळं किडकी निघू शकतात. लावायचाच तर वेलापासून जितका दूर टांगता येईल तितका दूर. आंब्यासाठी म्हणून मिळणारं मिथाइल युजेनॉल वेलभाज्यांच्या माशीला चालत नाही, दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतात. किडकं फळ रोजच्या रोज उचला. अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोषात जातात, तेव्हा गळलेलं फळ बॅगेवर राहू देणं म्हणजे पुढची पिढी पेरणं.

पाचट

टोमॅटो उरलाय. बुडाचा काळा डाग हा रोग नाही, कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाहीये. मातीत ते बहुतेक वेळा असतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि बॅग एक दिवस कोरडीठाक, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की तो प्रवाह तुटतो. सतत चिखलात बसलेली मुळंही ते उचलत नाहीत, आणि पावसाळ्यात गच्चीवर हेच जास्त. बॅग दोन विटांवर उचलून ठेवा, भोकं काडीने मोकळी करा, वर दोन इंच सुक्या पाल्याचं आच्छादन. उघडीप असेल तेव्हा बोट दोन इंच खुपसून माती सुकी लागली तरच पाणी. शेणाची स्लरी आणि युरिया महिनाभर बंद. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. नंतर धरलेली नीट यायला लागली की समजायचं जमलं.

टरफलांबद्दल वाईट वाटतं, पण साध्या मातीत ती विरघळायला कित्येक महिने घेतात. या हंगामातल्या टोमॅटोला त्यांचा काडीचा उपयोग नाही. बारीक दळून कंपोस्टमध्ये टाका, पुढे कधीतरी कामाला येतील.

अळ्या कशा दिसतात ते लिहा. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, डोकं तपकिरी आणि पुढे तीन जोड्या पाय असतील तर हुमणी किंवा तिच्या भाऊबंदांपैकी. मुळं खाणाऱ्या त्याच. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येतात. बॅग पालथी करून हाताने वेचा, मग मेटारायझियम (किडीला मारणारी बुरशी) १० ग्रॅम किलोभर ओलसर कंपोस्टमध्ये कालवून मुळांपाशी. पण चपट्या, करड्या-तपकिरी, खरखरीत, बिनपायांच्या, डोक्याकडे निमुळत्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. ओला कचरा खातात, झाडाला हात लावत नाहीत. फक्त एवढंच कळतं की तुमचं कंपोस्ट कच्चं होतं.

कुंडीबहाद्दर

दुसऱ्या प्रकारच्या. कंपोस्ट कच्चंच होतं म्हणजे.

रत्नांग्रीकर

तुमच्याकडे गोगलगाई नाहीत हे नशीब. इथे पावसाळ्यात शंखी एका रात्रीत रोपांची ओळ साफ करते. मीठ टाकावं का?

मातीमोल

बॅगेत मीठ अजिबात नको, गोगलगाय मरेल पण माती खारट होऊन रोपही जाईल. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला पसरा. पहाटे त्याखाली जमलेल्या वेचून बादलीतल्या मिठाच्या दाट पाण्यात टाका. मीठ बादलीत, बागेत नाही. हातमोजे घालूनच वेचायच्या. मोठ्या आफ्रिकन शंखीच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसालाही बाधतात. त्याच कारणाने पालेभाजी कच्ची खाऊ नका. राख किंवा चुन्याची रेघ कोरड्यातच चालते, कोकणात तिचं आयुष्य पुढच्या सरीपर्यंत. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी, घरात प्राणी असतील तर फेरिक फॉस्फेटच्या बघा.

खिडकीतली चवळी

चवळीच्या शेंगांवर काळा मावा खच्चून आहे, मुंगळ्यांची रांग लागलीय. शिवाय शेजारच्या जास्वंदीवर पांढरे कापसासारखे किडे, काही चक्क भरभर चालतात. कोणी सांगितलं इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक एकदाच मार, सगळं जातं.

लवंगी

भरभर चालणारे मारू नका! पिठ्या ढेकूण जेमतेम सरकतो. तशीच पांढरी झालर लावून भरभर फिरणारी बहुधा क्रिप्टोलेमस ढालकिड्याची अळी असते आणि ती पिठ्या ढेकणालाच खाते. चवळीवरही बघा: काळ्या-नारिंगी, इवल्या मगरीसारख्या अळ्या ढालकिड्यांच्या, आणि केसासारख्या दांड्यावर टेकवलेली पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या मित्रकिड्याची. ही मंडळी असतील तर आठ दिवस काही फवारू नका.

आधी मुंग्या. मावा जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी त्या माव्याची राखण करतात, ढालकिड्यांना हाकलतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, वेल भिंतीला टेकत असेल तर तो पूल तोडा. मग पाण्याचा जोरदार फवारा, शेंगा बोटांत धरून, तीन दिवस रोज. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. शेंडा फारच भरला असेल तर खुडून टाका.

इमिडाक्लोप्रिडचं प्रमाण लिटरला ०.३ मिली. तुम्हाला लागणार पेलाभर पाणी, त्याला थेंब मोजणार कसे? झाडाच्या रसात मुरतं, धुऊन जात नाही, आणि चवळी तर दिवसाआड तोडायची भाजी. फुलांवर आलेल्या मधमाश्या जातात त्या वेगळ्याच. कोणत्याही डब्यावर आधी त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि पिकाच्या नावापुढे काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते. झुरळांचा स्प्रे भाजीवर मारणारेही सापडतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

मातीमोल

चवळी उपटाल तेव्हा मुळं बघा. गाठी दिसल्या की लोक सूत्रकृमी (मुळांत शिरणारे मातीतले बारीक कृमी) म्हणून घाबरतात. नखाने सहज सुटून येणाऱ्या, आतून गुलाबी गाठी नत्राच्या, चांगल्या. मूळच जाडजूड झालंय, गाठ वेगळी निघत नाही, तर सूत्रकृमी. ती माती एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवायची, थर सहा इंचांपेक्षा जाड नको. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तितकी तापत नाही.

कुंडीबहाद्दर

ताजा अहवाल. भेंडीची पाच झाडं काढली. गळलेल्या दोडक्यांत अळी नाही, टोचाही नाही, आज संध्याकाळी चार फुलं जुळवली. मिरचीची पानं खाली वळलेली, कागदावर काही पडलं नाही, म्हणजे कोळी. शेंडे छाटले. शेवटचं तेल रविवारी मारलं होतं. गंधक पुढच्या रविवारी चालेल?

लवंगी

नाही, त्याच्याही पुढच्या रविवारी चौदाच दिवस होतात, तेव्हा त्यानंतरचा सोमवार उजाडू द्या. मधल्या काळात नुसत्या पाण्याने पानांची पाठ धुवा, दुपारी तीनच्या आत, म्हणजे रात्रीपर्यंत पान सुकेल. गंधक मारण्याआधी एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर मारून दोन दिवस बघा. आणि पंप नीमचाच असेल तर आधी गरम पाणी आणि रिठ्याने दोनदा धुवा, नळीत तेल राहतं.